बुद्धीला पटलं, मनाला नाही: थकबाकीच्या ठरावावरून पडलेला प्रश्न

तिसरा_मजला (पाचपाखाडी, ठाणे)
सोमवार, रात्री ११:४०

विषय सोसायटीचा आहे, पण मी अडकलेय ती नीतीच्या प्रश्नाशी. इथे तत्त्वज्ञान वाचणारे बरेच जण आहेत, म्हणून लिहितेय.

आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, अठरा फ्लॅट. गेली दोन वर्षं मी सेक्रेटरी आहे. परवाच्या सर्वसाधारण सभेत थकबाकीचा विषय होता. घरं दोनच. पहिल्या मजल्यावरच्या आजी, २६ महिने. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, १४ महिने. मेंटेनन्स महिन्याला ३,२०० रुपये, म्हणजे आजींची मुद्दल ८३,२००. आमच्या उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के, सरळव्याज, आणि आमच्या सभेने मागेच तो दर स्वीकारलेला. व्याज धरून आजींचा आकडा एक लाख दोन हजारांवर गेला. ठराव मीच वाचला: दोघांना नोटीस, महिन्याभरात भरणा झाला नाही तर वसुलीची कारवाई. तेव्हा मी म्हणाले होते, "माणूस बघून नियम लावायला लागलो तर उद्या प्रत्येकाकडे काही ना काही कारण असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलेलं होतं. आजही त्या वाक्यात मला चूक सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस घेऊन आजींकडे गेले. पोचपावतीवर सही हवी होती. त्यांचा हात थरथरतो. "अंगठा चालेल का गं?" असं विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "नको, सातवी शिकलेय मी. सहीच करते." पाच मिनिटं लागली त्या सहीला. यजमान वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला, आणि ते जाऊनही आता नऊ वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रीजच्या मापाचा फिकट चौकोन होता, फ्रीज नव्हता. चहा कोरा होता. निघताना म्हणाल्या, "माझ्यासाठी नियम मोडू नका हो. सगळ्यांना सारखाच हवा."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग कमिटीत मी विषय काढला की आजींचं व्याज माफ करावं. आमचे खजिनदार मोजकं बोलणारे आहेत. त्यांनी विचारलं, "आणि दुसऱ्या मजल्याचं?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण दुसरा मजला माझ्या मनातच आला नव्हता. हे गृहस्थ कोणाशी बोलत नाहीत, पार्किंगवरून दोनदा भांडलेत, एकदा सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रारही केलीय. त्यांची नोटीस मी दाराखालच्या फटीतून आत सरकवली होती. बेलसुद्धा वाजवली नव्हती.

सभेत मी बुद्धीने बोलले आणि नंतर भावनेच्या आहारी गेले, असं म्हणून हात झटकता येतील. पण सभेत माझ्या बुद्धीला फ्रीजचा तो चौकोन दिसलाच नव्हता. आणि ज्या भावनेने तो दाखवला, तिला दुसऱ्या मजल्यावरचं दार दिसलं नाही. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

आणखी एक गोष्ट त्या रात्री डोक्यात घोळत होती. आपण शब्द वापरतो सदसद्विवेकबुद्धी. त्यात विवेक आहे, बुद्धी आहे. पण ती करते काय, तर टोचते. बुद्धी टोचेल कशी? टोचतं ते मन ना?

---

जमाखर्च (कळवा)
मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, तुमची तळमळ समजते, पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी आमच्या सोसायटीचा सहा वर्षं खजिनदार होतो.

थकबाकी म्हणजे वहीतला आकडा आणि आजी म्हणजे माणूस, अशी वाटणी करू नका. आमच्याकडे चार घरांनी पैसे थकवले तेव्हा वॉचमनचा पगार १९ तारखेला झाला होता. त्याच्या मुलीची शाळेची फी १० तारखेला भरायची होती. त्याने ते मला सांगितलं नाही, दोन महिन्यांनी कोणाकडून तरी कळलं. चारही घरांची कारणं खरी होती आणि चौघांचीही मला दया आली होती. ती दया मी कोणाच्या खिशातून दाखवत होतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

नियमाला चेहरा नसतो म्हणून तो निष्ठुर, असं आपण समजतो. मला तर वाटतं, जी माणसं आपल्यासमोर येऊन बसत नाहीत त्यांच्या बाजूने बोलायला नियमाशिवाय कोणी नसतं. माझ्या वहीतला पगाराचा रकाना हा त्या मुलीचा आवाज होता. मी तो नीट ऐकला नाही.

---

नेरूळचा_मास्तर
मंगळवार, दुपारी १:०५

कॉलेजात तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. प्रश्न इतका नेमका क्वचितच कोणी विचारतं. जरा लांबून येतो.

या वादात पहिलं नाव येतं स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं. १७३९-४० साली आलेल्या 'ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर' या ग्रंथात त्याने लिहिलं की बुद्धी ही भावनांची गुलाम आहे आणि तिने तसंच असावं. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. वाक्य ऐकून लोकांना वाटतं की हा माणूस मनाला येईल तसं वागा म्हणतोय. त्याचा मुद्दा वेगळा आहे. बुद्धी सांगते की अमुक केलं तर तमुक होईल. पण तमुक व्हावं की न व्हावं, याची आच तिच्याकडे नाही. माझ्या बोटाला ओरखडा येण्यापेक्षा सगळं जग नष्ट झालेलं बरं असं कोणी म्हणालं, तर तो तर्काची चूक करत नाही, असं ह्यूम म्हणतो. त्या माणसात जे कमी आहे ते तर्कापेक्षा वेगळं काहीतरी आहे.

म्हणून, ताई, तुमच्या सभेत हिशेब बरोबर होता आणि तरी काही हललं नाही, यात ह्यूमला नवल वाटलं नसतं.

मात्र त्याच ग्रंथात पुढे तुमच्या खजिनदारांचा प्रश्नही आहे, आणि बहुतेक वाचक तिथपर्यंत पोचत नाहीत. ह्यूम मान्य करतो की आपली सहानुभूती जवळच्यांकडे जास्त वाहते, लांबच्यांकडे कमी. ओळखीच्यांकडे जास्त, परक्यांकडे कमी. मग त्यातून सर्वांना लागू होईल असा नैतिक निवाडा कसा निघणार? त्याचं उत्तर असं की आपण आपली जागा सोडून सर्वांना समान अशा जागी उभं राहून बघायला शिकतो. लांबची वस्तू लहान दिसते, तरी ती लहान नाही हे आपण जाणतो, तसंच हे. दिसणं बदलत नाही, निवाडा बदलतो.

दुसऱ्या मजल्याबद्दल तुम्हाला आत काही वाटलं नाही, याने खचू नका. डोळ्याला जे लहान दिसलं ते लहान आहे असं तुम्ही धरून चालला नाहीत. म्हणून तर धागा काढलात.

---

तिसरा_मजला
मंगळवार, दुपारी २:३०

मास्तर, 'दिसणं बदलत नाही, निवाडा बदलतो' हे थांबून दोनदा वाचलं. पण एक शंका आहे. त्या समान जागी उभं राहायचं कष्ट घ्यायला मला भाग कोण पाडतं? खजिनदारांनी विचारलं नसतं तर मी आजींचं व्याज माफ करून घेतलं असतं आणि वर स्वतःला चांगली बाई समजून झोपले असते.

@जमाखर्च, तुमच्या वॉचमनच्या मुलीची गोष्ट वाचून आमचे दोन वॉचमन आठवले. त्यांचा पगार आजवर थकलेला नाही, पण यंदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम आम्ही पुढे ढकललं. गळती तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे माझ्याच घरात. त्यामुळे मी कडक बोलले तेव्हा त्यात माझी ओली भिंतही होती का, हाही प्रश्न आहे. बुद्धी म्हणून जे बोलले ते सगळं बुद्धीचं होतं असं मी खात्रीने सांगू शकत नाही.

---

रात्रपाळी (वाशी)
बुधवार, पहाटे ५:५०

ड्युटी संपतेय, थोडक्यात लिहिते. मी नर्स आहे, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात, बारा वर्षं.

नवीन मुली येतात तेव्हा त्यांना वाटतं चांगली नर्स म्हणजे जिला पेशंटचं दुःख बघून रडू येतं. काही महिन्यांनी त्यातल्या काही जणींना वाटायला लागतं की चांगली नर्स म्हणजे जिला काहीच वाटत नाही. दोन्ही मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या प्रकारची जास्त धोक्याची, कारण पेशंटचा चेहरा पिवळसर पडलाय, तो नेहमीपेक्षा गप्प आहे, हे तिच्या नजरेतून सुटतं. लक्ष जातं ते आच असेल तरच.

पण पहिलीचंही सांगते. वॉर्डात जो पेशंट 'सिस्टर, जेवलात का' असं विचारतो, त्याच्याकडे पाय आपोआप वळतात. जो शिव्या देतो, ज्याच्या अंगाला वास येतो, ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्या बेडकडे पाय जड होतात. मी खोटं बोलणार नाही, माझेही होतात. म्हणून चार्ट असतो. ठरलेल्या वेळेला प्रत्येकाचा बीपी, नाडी, ताप. प्रत्येकाला विचारायचं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. आवडता पेशंट असो नाहीतर नावडता, प्रश्न तोच, वेळ तीच.

बाहेरच्यांना तो चार्ट कोरडा कागद वाटतो. मला तो आवडतो. माझी माया जिथे पोचत नाही तिथे तो मला हाताला धरून नेतो. आणि तिथे गेल्यावर कधीकधी माया येतेही. नेहमी नाही.

ताई, दुसऱ्या मजल्याची बेल वाजवा.

---

घणसोली_६
बुधवार, सकाळी १०:२०

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. रात्रपाळी ताईंनी लक्ष जाण्याबद्दल जे लिहिलं त्याला जोडून.

अंतोनियो दामासिओ या मेंदुविज्ञान अभ्यासकाने १९९४ साली एका रुग्णाबद्दल लिहिलं होतं. त्याला त्याने एलियट असं नाव दिलंय. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढली, त्यात तिथला काही भाग गेला. नंतर बुद्धिमत्तेच्या चाचण्या उत्तम, स्मरणशक्ती उत्तम, भाषा उत्तम. पण भावना जवळपास विझलेल्या. कोणी म्हणेल, आता हा शुद्ध बुद्धीने निर्णय घेईल. झालं उलटं. त्याला कामं ठरवता येईनात, नोकरी गेली, संसार मोडला. अशाच प्रकारच्या दुसऱ्या एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे सांगत बसला. सगळे मुद्दे बरोबर, निवड काही होईना.

म्हणजे काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे भावना आधी चाळून देते आणि मग बुद्धी काम करते. चाळणीच गेली तर समोर नुसता ढीग राहतो.

याची दुसरी बाजूही आहे. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलं की बहुतेक वेळा आपला नैतिक निवाडा आधी आतून येतो आणि कारणं आपण मागाहून गोळा करतो, वकिलासारखी. ताईंनी ओल्या भिंतीबद्दल लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं. फरक एवढाच की हाइटच्या मते माणूस स्वतःची ओली भिंत स्वतः क्वचितच बघतो, ती दुसऱ्यानेच दाखवावी लागते. इथे ते काम खजिनदारांनी केलं. त्यामुळे 'भाग कोण पाडतं' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की कित्येकदा समोरचा माणूस. विवेक एकटीच्या डोक्यात कमी असतो, चार जणांच्या बोलण्यात जास्त.

---

चवदार (ऐरोली)
बुधवार, रात्री ९:१०

चर्चा चांगली चाललीय, पण भावना म्हटलं की सगळे दयेबद्दलच बोलतायत. किळस ही पण भावनाच आहे.

माझ्या आजोबांच्या गावात त्यांना वरून पाणी वाढायचे. वाढणारी बाई वाईट नव्हती. तिला आतून खरोखर किळस वाटायची. कोणी तिला तिथल्या तिथे विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मनाला पटत नाही हो. तिचं मन तसंच घडवलेलं होतं. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, आणि नंतर ते तळं 'शुद्ध' करून घेणाऱ्यांच्या भावनाही त्यांच्या दृष्टीने अगदी खऱ्या होत्या. भावना खरी असणं आणि बरोबर असणं यात एवढं अंतर असतं.

म्हणून 'मनाला टोचलं म्हणजे काहीतरी चुकलं' हे मी मान्य करत नाही. कोणाला काय टोचावं हेसुद्धा समाज शिकवतो. तिथे प्रश्न विचारायला बुद्धी लागते. हे पाणी आहे, हा माणूस आहे, स्पर्शाने पाण्यात काय बदलतं ते दाखवा.

पण एकट्या बुद्धीवरही बाबासाहेब थांबले नाहीत. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. त्यात ते धम्माच्या दोन कोनशिला सांगतात, प्रज्ञा आणि करुणा. प्रज्ञा कशासाठी, तर अंधश्रद्धेला जागा राहू नये म्हणून. करुणा कशासाठी, तर तिच्याशिवाय समाज जगूही शकत नाही आणि वाढूही शकत नाही म्हणून. कोणती वर आणि कोणती खाली हा प्रश्न त्यांनी घेतलाच नाही. मला लहानपणी वाटायचं की हे दोन वेगळे गुण आहेत, एक डोक्याचा, एक काळजाचा. आता वाटतं की प्रज्ञेशिवायची करुणा आपल्याच माणसांभोवती घुटमळत राहते. ताईंची पहिल्या मजल्यावर घुटमळली तशी. हे दोष म्हणून लिहीत नाही. माझीही घुटमळते.

---

तिसरा_मजला
बुधवार, रात्री १०:००

चवदार, दोष म्हणून घेतलं नाही. मनापासून आभार. तुमच्या आजोबांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

---

कोपरीकर
गुरुवार, सकाळी ११:३०

मी सत्तर पार केलेली बाई, पोथ्यापुराणं वाचते, म्हणून तिथलंच आठवतं.

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. ज्या प्रसंगात ती येते तो प्रसंगही मोठा आहे. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असं जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. युधिष्ठिर रागाच्या भरात नेमकं तेच बोलतो आणि अर्जुन मोठ्या भावावर शस्त्र उचलतो, का तर प्रतिज्ञा मोडू नये. तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिकाची कथा सांगतात. कौशिक हा सत्यव्रती. लुटारूंना भिऊन काही माणसं त्याच्यासमोरून रानात पळाली. लुटारू आले, विचारलं, कुठे गेली? कौशिकाने खरं सांगितलं. माणसं मारली गेली. आणि कौशिक नरकात गेला. लहानपणी ऐकलं तेव्हा नवल वाटलं होतं, खरं बोलणारा नरकात कसा?

आता वाटतं, नियम पाळला की आपली जबाबदारी संपली असं त्याला वाटलं, हे त्याचं पाप. खोटं बोलावं का हा प्रश्न नंतरचा. पळणाऱ्यांकडे त्याने बघितलं तरी का?

मास्तर, जर्मन तत्त्वज्ञ कांटबद्दलही असंच काही ऐकलं होतं. दारात खुनी आला तरी खोटं बोलू नये असं तो म्हणाला होता ना?

---

नेरूळचा_मास्तर
गुरुवार, दुपारी ४:४५

हो, १७९७ सालचा त्याचा तो छोटा निबंध आहे आणि त्यावर आजवर पुष्कळ टीका झाली आहे. मीही तिथे कांटच्या बाजूने उभा राहणार नाही. पण कांट म्हणजे कौशिक, असं म्हणून सोडून देऊ नका. मी विद्यार्थ्यांना हे फार तळमळीने सांगायचो, इथेही सांगतो.

नीतीवरच्या १७८५ च्या ग्रंथात कांट एका माणसाचं उदाहरण देतो. स्वभावाने कनवाळू, दुसऱ्याला आनंद देण्यात रमणारा. त्याचं वागणं गोड आहे, पण त्याला अजून खरी नैतिक किंमत नाही असं कांट म्हणतो. इथे वाचक चिडतात. पण पुढे वाचा. त्याच माणसावर स्वतःचं मोठं दुःख कोसळतं. मन इतकं काळवंडतं की दुसऱ्याच्या दुःखाने आत काहीच हलत नाही. तरी तो उठतो आणि मदतीला जातो, केवळ ते करायला हवं म्हणून. तेव्हा कांट त्याच्यापुढे वाकतो. भावना वाईट असते असं त्याला म्हणायचं नाही. ती नसेल त्या दिवशी काय करशील, असा त्याचा प्रश्न आहे. रात्रपाळीच्या चार्टमागे हाच प्रश्न आहे.

आणि १७९७ मध्येच, 'मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स' या मोठ्या ग्रंथात, तो सांगतो की सहानुभूती जोपासणं हेही कर्तव्य आहे. म्हणून जिथे गरीब राहतात त्या जागा टाळू नका, तिथे मुद्दाम जा. आजाऱ्यांच्या खोल्या टाळू नका. कर्जदारांचे तुरुंग टाळू नका. कारण ज्या भावना आवरता येत नाहीत त्यांचा त्रास होऊ नये म्हणून आपण तिकडे जायचं टाळतो.

कर्जदारांचे तुरुंग! ताई, थकबाकीची नोटीस दाराखालून सरकवून आपण निघून येतो, त्याबद्दल कांटने सव्वादोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. ज्याला आपण भावनांचा वैरी समजतो तो सांगतोय, जा आणि बघ.

तुमच्या टोचणीबद्दलही राहिलं होतं. ॲडम स्मिथ, अर्थशास्त्रामुळे प्रसिद्ध असलेला तोच, १७५९ साली पहिल्यांदा आलेल्या नैतिक भावनांवरच्या ग्रंथात एक विचित्र उदाहरण देतो. चीनचं विशाल राज्य भूकंपात गडप झाल्याचं ऐकून युरोपातला एखादा सहृदय माणूस हळहळेल, आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर बोलेल, आणि रात्री स्वस्थ झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार हे कळलं तर त्याचा डोळा लागणार नाही. आता विचारा, ती करंगळी वाचावी म्हणून त्या कोट्यवधी माणसांचा बळी द्यायला तो तयार होईल का? कल्पनेनेच त्याच्या अंगावर काटा येईल. भावना इतक्या स्वार्थी असताना हे कसं? स्मिथ म्हणतो, हे नुसत्या दयेच्या मिणमिणत्या ठिणगीचं काम नाही. हे बुद्धीचं, तत्त्वाचं, सदसद्विवेकाचं काम आहे, छातीत राहणाऱ्या त्या आतल्या माणसाचं. बघा, बुद्धी म्हणाला आणि तिचा पत्ता छातीत दिला. आपल्या शब्दात बुद्धी आहे आणि ती टोचते, ते यामुळेच असेल.

---

जमाखर्च
गुरुवार, संध्याकाळी ७:३०

मास्तर, तरीही व्यवहाराचा प्रश्न उरतोच. ताईंनी दोघांकडे जायचं, दोघांचं ऐकायचं, मान्य. पण पुढच्या वर्षी आणखी चार जण येतील. म्हणून माझी सूचना: माफी व्यक्तीला देऊ नका, निकष ठरवा. व्याजाचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, तुमच्या उपविधीतले २१ टक्के ही फक्त कमाल मर्यादा आहे. उत्पन्न थांबलेल्या कुठल्याही सभासदाला हप्ते आणि कमी दर असा ठराव करा. मुद्दल कोणालाच माफ नको, तिच्यातून वॉचमनचा पगार जातो. मग आजींनाही कोणाचे उपकार वाटणार नाहीत. त्या स्वतःच म्हणाल्या ना, सगळ्यांना सारखाच हवा.

---

रात्रपाळी
गुरुवार, रात्री ८:०५

जमाखर्च, +१. शेवटचं फार पटलं. उपकार म्हणून मिळालेली मदत आमच्या पेशंटनाही जड जाते.

---

कोपरीकर
गुरुवार, रात्री ९:२०

'जे का रंजले गांजले' आपण येता-जाता म्हणतो. त्याच अभंगात पुढे आहे, ज्यासि अपंगिता नाही, त्यासि धरी जो हृदयीं. ज्याला कोणाचा आधार नाही, त्याला. आणि मग, दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी. तुकोबांना ठाऊक होतं की मुलावर माया आपोआप होते. 'तेचि' या एका शब्दात सगळं काम आहे. मुलावरची तीच माया उचलून दुसरीकडे न्यायची, आणि ती आपली आपण जात नाही.

मला वाटायचं हा नुसता भक्तीचा अभंग आहे. या धाग्यामुळे आज नव्याने वाचला.

---

चवदार
गुरुवार, रात्री ९:४०

काकू, 'तेचि'साठी धन्यवाद. एक भर घालतो. दासदासींनी त्या दयेची वाट बघत बसावं का, हा प्रश्न उरतो. हक्क म्हणून मिळालं तर दया करणाऱ्याच्या मूडवर अवलंबून राहावं लागत नाही. जमाखर्च यांचा ठराव मला म्हणूनच आवडला. पण तो ठराव सुचायलासुद्धा आधी कोणीतरी आजींच्या स्वयंपाकघरात जावं लागलं, हेही खरं.

---

तिसरा_मजला
शनिवार, रात्री ११:५५

दोन दिवस लिहिलं नाही. आज गेले होते दुसऱ्या मजल्यावर.

तीनदा बेल वाजवली. दार साखळीएवढंच उघडलं. "नोटीस मिळाली, परत कशाला आलात?" मी म्हटलं, नोटीस हातात द्यायला हवी होती, तेव्हा आले नाही, म्हणून आले. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग साखळी निघाली, पण बसा असं काही म्हणाले नाहीत. उभ्यानेच बोललो. दीड वर्षापूर्वी नोकरी गेली. आत खोलीत त्यांचे वडील आहेत, अंथरुणाला खिळलेले. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं! मी सेक्रेटरी, बरोबर त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते. रात्री खालून आवाज यायचे तेव्हा टीव्हीचा आहे समजून मी गेल्या पावसाळ्यात लेखी तक्रार केली होती.

खरं सांगायचं तर तिथे उभी असतानाही मला आजींच्या वेळी वाटलं तसं काही वाटलं नाही. ते तुसडेच बोलले. पार्किंगचा विषय त्यांनी तिथेही काढला. माझ्या मनात रागही आला. मास्तरांनी सांगितलेला तो काळवंडलेल्या मनाचा माणूस मला जिन्यात आठवला, आणि रात्रपाळी, तुमचं 'नेहमी नाही' हेही आठवलं. ते लिहिलंत म्हणून बरं झालं, नाहीतर माझ्यात काही कमी आहे असं मला वाटलं असतं.

वर येऊन ठरावाचा मसुदा लिहिला. जमाखर्च यांची सूचना जवळपास तशीच घेतलीय: ज्या सभासदाचं उत्पन्न थांबलंय त्याने अर्ज करावा, व्याज ९ टक्के, मुद्दल २४ हप्त्यांत. नाव कोणाचंच नाही. अर्ज नोटीस बोर्डावर लागणार नाही, फक्त कमिटी बघेल. खजिनदारांनी वाचून एकच दुरुस्ती केली. 'उत्पन्न थांबलंय' याच्या पुढे 'किंवा घरात दीर्घ आजारी व्यक्ती आहे' हे घातलं. मी त्यांना दुसऱ्या मजल्यावरचं काही सांगितलं नव्हतं. विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? म्हणाले, गेल्या वर्षी आमच्याकडे आई होती ना तशी.

वॉटरप्रूफिंग आणखी एक वर्ष पुढे जाईल. ते मी सभेत स्वतः सांगणार आहे, भिंत माझी आहे हेही सांगणार आहे.

उद्या सकाळी दहाला विशेष सभा. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही. आजींना जिना उतरवून आणायला मी साडेनऊला जाणार. दुसऱ्या मजल्यावर सभेची सूचना आज हातात दिली, पण ते येतील असं वाटत नाही. वडिलांपाशी थांबायला कोणी नसतं. माझी मुलगी म्हणाली, तासभर मी बसते त्यांच्याजवळ, विचारून बघ. आता फार उशीर झालाय. सकाळी विचारेन.